भिजलेली यंत्रे आणि दुरुस्तीचा हक्क

जोतिबाच्या डोंगरावर पावसाळा म्हणजे ढगांतला मुक्काम. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्यांच्या गर्दीत गुलालाने माखून निघणारा हा डोंगर पावसाला तोंड फुटताच धुक्यात दिसेनासा होतो. वाडी रत्नागिरीच्या घरांतून मग कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते, आगपेटीच्या काड्या सादळतात. अशा घरात आता दूरदर्शन संचाला जोडलेले खेळाचे यंत्र असणे ही नवलाची गोष्ट उरलेली नाही. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो, कुणी यात्रेच्या हंगामात नारळ-पेढ्यांच्या दुकानावर चार पैसे गाठीला बांधलेले असतात, आणि धाकट्याच्या हट्टापायी ते यंत्र, बहुधा जुन्या बाजारातून, घरी येते. त्याचा कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवावयाचा तो ठोकळा, एके दिवशी चहाने किंवा उसाच्या रसाने भिजतो. बटणे चिकटतात, पडद्यावरचा खेळाडू कुणी हात न लावता डावीकडे धावू लागतो. मग तो ठोकळा पिशवीत घालून १८ किलोमीटरांवरच्या कोल्हापुरात आणला जातो, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

खेळण्याच्या दुरुस्तीवर पक्षाच्या साप्ताहिकाने आपली जागा खर्ची घालावी काय, अशी शंका अनेक जुन्या कार्यकर्त्यांना येईल. उसाचा दर, यंत्रमाग कामगारांची मजुरी, पूरग्रस्तांचे पुनर्वसन हे प्रश्न दारात उभे असताना हे कसले कौतुक, असे ते म्हणतील. शंका रास्त आहे. परंतु त्या ठोकळ्याची नवी किंमत सहा हजार रुपयांच्या आसपास असते, आणि २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे २० दिवसांच्या श्रमाचे मोल देऊन घेतलेली ही वस्तू आहे. पेलाभर रसाने ती कायमची निकामी झाली असे समजायचे, की थोडक्या मजुरीत ती पुन्हा चालती करायची, याचा निर्णय कोणाच्या हाती असावा? विकत घेणाऱ्याच्या, दुरुस्त करणाऱ्याच्या, की सातासमुद्रापलीकडे ती बनवून विकणाऱ्याच्या? प्रश्नाचा आकार लहान असला तरी त्याची जात मालकी आणि श्रम यांच्याच प्रश्नाची आहे.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर पंचगंगेच्या काठावर दरवर्षी पाहावयास मिळते. नदी पात्राबाहेर पडली की उपसा पाण्याच्या मोटारी बुडू लागतात. वेळ मिळाला तर शेतकरी त्या आधीच उचलून आणतो. न मिळाला तर पाणी उतरेपर्यंत त्या गाळात रुतून राहतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट धरली जाते. असा पूर ओसरला की रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे चिखलाने भरलेल्या मोटारींची रांग लागते. मेस्त्री मोटार खोलतो, गाळ धुऊन काढतो, ती उन्हात किंवा दिव्यांच्या उष्णतेवर सुकवतो, वेटोळ्याचे आवरण शाबूत आहे की नाही ते मापकाने पाहतो. नसेल तर जुनी तार काढून टाकतो, नवी तार भरतो, वर व्हार्निश देतो, बेअरिंग बदलतो. निघालेले तांबे वजनावर विकले जाते आणि त्याची रक्कम पुष्कळदा बिलातून वजा होते. तार किलोवर मिळते, बेअरिंगचा आकार ठरलेला असतो आणि ते कोणत्याही बाजारात उपलब्ध असते. मोटार कोणत्या कंपनीची, तिची हमी शिल्लक आहे काय, ती उघडण्याची परवानगी आहे काय, असले प्रश्न त्या दुकानात कोणी विचारीत नाही. मोटार शेतकऱ्याची आहे आणि ती दुरुस्त करण्याचे कसब मेस्त्रीचे आहे, एवढे त्या व्यवहाराला पुरेसे असते.

कंट्रोलरच्या बाबतीत हाच व्यवहार अडतो. तो का अडतो हे समजण्यासाठी द्रवाने नुकसान नेमके कसे होते ते पाहणे इष्ट ठरेल. कारण या बाबतीत अज्ञान फार आहे आणि त्या अज्ञानावर कोणाचा तरी धंदा चालतो.

शुद्ध पाणी विजेचे फार वाईट वाहक आहे. घात करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार, आणि त्या वेळी यंत्रात खेळत असलेली वीज. ओल्या पट्टीवर वीज चालू राहिली की धन बाजूचे तांबे झिजून ऋण बाजूकडे सरकते, दोन रेषांमध्ये धातूचे बारीक तंतू वाढतात आणि नको तेथे जोड होतो. तांब्यावर दिसणारे हिरवट किटण ही त्याच घटनेची उरलेली खूण. म्हणून भिजलेले यंत्र चालते का ते बटण दाबून पाहणे, हे माणूस हटकून करतो, आणि तेच सर्वांत घातक असते. वीज तोडली, मागचे स्क्रू काढून कवच उघडले आणि बॅटरीची जोडणी सोडवली, की निम्मे काम झाले. उसाचा रस किंवा शीतपेय असेल तर साखर वाळून चिकट थर बसतो आणि तो थर हवेतली ओल पुन्हा पुन्हा ओढून घेतो. जोतिबाच्या हवेत तर तो कधीच कोरडा पडणार नाही. तो धुऊनच काढावा लागतो. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरतो. हे द्रव्य ज्वालाग्राही असल्याने डाग देण्याचे काम त्याच्याजवळ करू नये एवढे पथ्य पाळावयाचे. भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघर चालतो. तांदूळ आतला क्षार काढू शकत नाही, उलट त्याची पूड आत जाते. अॅपल कंपनीनेही २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना तसे न करण्याची सूचना दिली. एरवी कंपन्यांच्या सूचनांवर विश्वास ठेवण्याची घाई नको, पण ही सूचना बरोबर आहे.

बटणांखालची रबरी टोपी आणि तिच्या खालचा पापुद्रा धुतल्यावर बहुधा पूर्ववत काम करतात. अडचण येते ती अंगठ्याने फिरवावयाच्या काडीची. तिच्या खाली दोन लहान प्रतिरोधक असतात, त्यांतली कार्बनची पट्टी घासली जाते, आणि आत साखर किंवा गाळ गेला तर ती धुऊनही नीट होतेच असे नाही. तो भाग बदलावा लागतो. डझनाहून अधिक ठिकाणचे डाग सोडवून नवा भाग बसवणे हे स्थिर हाताचे काम आहे. पण ज्याने मोबाइलच्या दुकानात दोन वर्षे उमेदवारी केली आहे अशा मुलाला ते अशक्य नाही. भाग स्वस्त आहे, काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. लिथियमची बॅटरी फुगली असेल तर ती टोचू नये, दाबू नये, सरळ बाजूला ठेवून नवी घालावी. एवढ्यात सहा हजारांची वस्तू वाचते.

मग अडते कोठे? पहिली अडचण कवचापाशीच येते. काही यंत्रांना साध्या पेचकसाने न उघडणारे तीन पात्यांच्या किंवा मध्ये खुंटी असलेल्या खाचेचे स्क्रू लावलेले असतात. हे स्क्रू मजबुतीसाठी आहेत असे मानणे कठीण. त्यांचा उपयोग मालकाला त्याच्या वस्तूबाहेर ठेवण्यापुरता आहे. पुढे हमीचे कलम येते. पाण्याने झालेली हानी हमीत बसत नाही. हे एकवेळ समजण्यासारखे आहे. वस्तू मालकानेच भिजवलेली असते. पण बाहेर दुरुस्त करून घेतली तर उरलेली हमीही बुडाली, हे समजण्यासारखे नाही. मोबाइलसारख्या यंत्रांत ओल लागताच लाल होणारी एक इवली चिकटपट्टी असते. आजार वेगळाच असला तरी त्या लाल ठिपक्याकडे बोट दाखवून ग्राहकाला परत पाठवता येते. सर्वांत मोठी अडचण सुट्या भागांची. अस्सल भाग बाजारात विकलाच जात नाही, मग मेस्त्री नकली तरी वापरतो किंवा दुसऱ्या मेलेल्या कंट्रोलरमधून काढलेला तरी. काही कंट्रोलरांत नवी काडी बसवल्यावर तिचा मध्यबिंदू यंत्राला पुन्हा शिकवावा लागतो. त्याचे साधन कारखान्याकडे असते, दुकानदाराकडे नसते. हौशी तंत्रज्ञांनी ते शोधून काढून सर्वांना फुकट दिले म्हणून आज काम चालते. कंपन्यांनी दिले म्हणून नव्हे.

अमेरिकेतही हेच चित्र आहे. तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली. बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द होईल असे ग्राहकाला सांगणे बेकायदेशीर असल्याचे त्यांना कळवण्यात आले. त्या सहांमध्ये खेळाच्या यंत्रांच्या बाजारातील तिन्ही बड्या कंपन्या, सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो, होत्या. पुढे मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, त्यांत मोबाइल आले, संगणक आले, घरगुती उपकरणे आली. खेळाची यंत्रे मात्र दोन्ही राज्यांनी नाव घेऊन वगळली. यंत्र उघडू दिले तर खेळांची चोरी होईल, हा उद्योगाचा युक्तिवाद विधिमंडळांच्या गळी उतरला. खेळ साठवलेला असतो मुख्य यंत्रात. ठोकळ्यात असतात बटणे, दोन काड्या आणि एक बॅटरी. बटणाखालची साखर धुतल्याने कोणाच्या स्वामित्वहक्काची चोरी होते, हे कोणी तरी समजावून सांगावयास हवे होते. त्याच २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या कंट्रोलरचे सुटे भाग अमेरिकेत विकावयास सुरुवात केली, आणि त्यामुळे काही आभाळ कोसळले नाही. जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते केवळ गैरसोयीचे असते, असा अनुभव कामगार चळवळीला आठ तासांच्या दिवसापासून आहे.

वस्तूचे आयुष्य मुद्दाम आखडते ठेवण्याची युक्तीही आजची नाही. १९२४ मध्ये जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी संगनमत करून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले. जास्त टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड केला जाई. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके स्पर्धेचे गुणगान करतात तेव्हा हा प्रसंग बहुधा तळटीपेत जातो.

भारतीय समाजवाद्यांना या प्रश्नाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला. त्या विचाराची चेष्टा पुष्कळ झाली, चरख्याचा चुलतभाऊ म्हणून तो बाजूला टाकला गेला. वास्तविक गांधींनीही १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती. शिवणयंत्र शिंप्याच्या आवाक्यातले आहे, ते बिघडले तर गल्लीतला कारागीर ते उघडतो, हे त्याचे वैशिष्ट्य कोणालाही दिसण्यासारखे आहे. यंत्र लहान की मोठे यापेक्षा ते वापरणाऱ्याला उघडता येते की नाही, ही कसोटी आज अधिक उपयोगी पडेल.

तिचा सर्वांत मोठा प्रयोग या देशात झालेला आहे. आय.बी.एम. कंपनी भारतात संगणक मुख्यतः भाड्याने देई आणि त्यांची देखभाल आपल्याच हाती ठेवी. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार परकीय भांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणण्यास तिने नकार दिला. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, सरकारने माघार घेतली नाही, आणि १९७८ मध्ये कंपनीने येथला कारभार आटोपला. आता हे संगणक बंद पडणार, अशी भाकिते तेव्हा पुष्कळ झाली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने ती देखभाल अंगावर घेतली आणि भारतीय अभियंत्यांनी ती यंत्रे चालवून दाखवली. ती संस्था २००१ मध्ये टाटांच्या हवाली करण्यात आली, ही पुढची कथा. त्याच लाटेत देशाबाहेर गेलेला कोका-कोला १९९३ मध्ये परत आला. आता कंट्रोलरवर सांडणाऱ्या पेयांत त्याचाही वाटा असणारच.

कोल्हापूरला तर यंत्र उघडून पाहण्याची परंपराच आहे. बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेऱ्याची वाट पाहत न बसता स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी तेलाची इंजिने, पंप आणि ओतकामाचे कारखाने उभे केले, त्यांतले कितीतरी लोक आधी दुसऱ्याची यंत्रे दुरुस्त करणारे मेस्त्री होते. दुरुस्ती ही कारखानदारीची प्राथमिक शाळा असते. उघडता न येणारे यंत्र ही शाळाच बंद करते, आणि ही हानी सहा हजार रुपयांत मोजता येण्यासारखी नाही.

भारतातील कायद्याची स्थिती काय आहे? २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांपासून रोखून ठेवल्याबद्दल एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. काही कंपन्यांच्या अपिलात दंडाची रक्कम पुढे कमी झाली, परंतु दोषाचा निष्कर्ष कायम राहिला. म्हणजे तत्त्व या देशात नवे नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी त्यावर माहिती द्यावी, अशी अपेक्षा आहे. अपेक्षाच आहे, सक्ती नाही. २०२५ मध्ये आणखी एका समितीने दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाची शिफारस केली, ती पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपुरती, आणि गुण कंपनीने स्वतःच जाहीर करावयाचे. परीक्षार्थीने स्वतःची उत्तरपत्रिका तपासण्याची ही पद्धत विद्यापीठांनी अद्याप स्वीकारलेली नाही. याउलट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांची यादी पाहावी. त्या यादीत खेळाच्या यंत्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. शासनाच्या लेखी ही वस्तू कचरा म्हणून अस्तित्वात आहे, दुरुस्त करता येणारी वस्तू म्हणून नाही. जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याचा चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा झाला नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. ज्या देशांनी हा माल विकून नफा कमावला त्यांचा कचरा कोणाच्या अंगणात जाळला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे.

दुरुस्तीच्या धंद्यात सर्व काही आलबेल आहे असा मात्र दावा नाही. नकली बॅटऱ्या घातल्या जातात, अस्सल म्हणून नकली भाग विकले जातात, पावती दिली जात नाही, दुकानातल्या पोऱ्याला शिकण्याच्या नावाखाली राबवून घेतले जाते. डागाच्या धुरात आणि द्रावकांच्या वासात बंद खोलीत दहा-दहा तास बसणाऱ्या या मुलांना ना किमान वेतन, ना विमा. कंपन्या या त्रुटींकडे बोट दाखवून सगळा धंदाच बेभरवशाचा ठरवतात. अस्सल भाग आणि नकाशे नाकारावयाचे आणि मग काम कच्चे झाले म्हणून हिणवावयाचे, यात न्याय नाही. पण म्हणून त्रुटी खोट्या ठरत नाहीत. या मुलांची संघटना बांधण्याचे काम कोणी हाती घेतलेले नाही. रिक्षाचालकांची, हमालांची, घरकामगारांची संघटना ज्यांनी बांधली त्यांना हे काम परके वाटू नये.

पुराच्या संदर्भात या गोष्टीला निकड येते. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान दिले. त्या पुरात चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत घरोघरचे मिक्सर, दूरदर्शन संच, पंखे, मोबाइल, शिवणयंत्रांच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. नव्या वस्तू घ्यावयास हे अनुदान अपुरे होते हे उघड आहे. पण चिखल धुऊन, सुकवून, एखादा भाग बदलून त्यांतल्या कितीतरी वस्तू वाचण्यासारख्या असतात, आणि तेही पहिल्या काही दिवसांतच. कारण गाळ वाळू दिला की किटण चढत जाते. त्या दिवसांत पूरग्रस्त छावणीत असतो, दुरुस्तीकाराचे स्वतःचे दुकानही पुष्कळदा पाण्यात असते, आणि भंगारवाला तेवढा वेळेवर हजर होतो.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जिल्हा प्रशासन पूरनियोजनाच्या बैठका घेते. बोटी, पोहणारे, निवारा शाळा, औषधे यांच्या याद्या होतात. त्या यादीत दुरुस्तीकारांची तुकडी का नसावी? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुले, रिवाइंडिंगचे मेस्त्री आणि मोबाइलच्या दुकानांतले कारागीर यांना रोजाची मजुरी देऊन, अल्कोहोल, बेअरिंगे, तार आणि सुटे भाग शासनाने पुरवून, पाणी उतरताच गावोगाव आठवडाभराची केंद्रे चालवता येतील. सुटे भाग आणि नकाशे नाकारणाऱ्या कंपन्यांची नावे त्या केंद्रांवरच नोंदवून घेऊन ती ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रारीसह पाठवता येतील. ज्या पोर्टलवर आज कंपन्या आपल्या सोयीचे लिहितात, त्याला त्यामुळे दुसरी बाजू मिळेल. करवीर, पन्हाळा, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी ही मागणी पुढच्या बैठकीपूर्वी लेखी द्यावी, आणि ती देताना आपापल्या भागातील दुरुस्तीकारांची नावनिशीवार यादी सोबत जोडावी. यादी करण्यासाठी दुकानोदुकानी जावे लागेल. तेथे बाकावर बसून काम करणाऱ्या मुलाला त्याचा पगार किती आणि तो कोण देतो, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे.